खर्जातले शब्द

इंग्रजी शिकविण्यात आमची एकतीस वर्षे गेली. या काळात समानार्थी शब्दांच्या किती याद्या आम्ही फळ्यावर लिहिल्या आणि किती पुसल्या, याची गणती नाही. परीक्षेत दोन गुणांचा प्रश्न ठरलेला असे: दिलेल्या शब्दाचा समानार्थी शब्द लिहा. विद्यार्थी लिहीत, आम्ही बरोबरची खूण करीत असू, आणि उभय पक्ष समाधानाने आपापल्या घरी जात. त्या खुणांपैकी निदान निम्म्या खोट्या होत्या, असे आता वाटते. असे वाटण्याला एक केसपेपर कारण झाला.

२००९ च्या पावसाळ्यात आमच्या आईला जिना चढताना धाप लागू लागली. तेव्हा तिचे वय ६८. तालुक्याच्या डॉक्टरांनी नाडी पाहिली, छाती तपासली आणि जिल्ह्याच्या गावी हृदयरोगतज्ज्ञाकडे चिठ्ठी दिली. हे तज्ज्ञ आमचेच जुने विद्यार्थी निघाले. अकरावी-बारावीच्या विज्ञान शाखेला आम्ही इंग्रजी शिकवीत असू, त्या वर्गातले. त्यांनी आईला बराच वेळ तपासले, लहानपणी सांधे सुजून ताप आला होता का हे विचारले (आला होता, दोन महिने अंथरुणावर होती) आणि केसपेपरवर काहीतरी लिहिले. बाहेर बाकावर बसल्यावर आईने विचारले, "काय लिहिलंय रे त्यानं?"

कागदावर लिहिले होते, 'रंबलिंग मिड-डायस्टोलिक मर्मर'. मधला शब्द वैद्यकाचा. तो आम्हांस लागला नाही, म्हणून लाजही वाटली नाही. पण पहिला आणि शेवटला हे तर आमच्या पोटापाण्याचे शब्द. 'रंबल' म्हणजे घरघर, हे आम्ही वर्गात पन्नास वेळा तरी सांगितले असेल. आईसमोर मात्र तो शब्द ओठांपर्यंत येऊन परत गेला. मराठीत माणसाला घरघर लागते ती एकदाच. मग आम्ही दुसऱ्या शब्दाचा आसरा घेतला आणि म्हणालो, "छातीत जरा कुजबूज ऐकू येते, असं लिहिलंय."

आई म्हणाली, "कुजबूज? कोणाबद्दल?"

त्या रात्री घरी येऊन आम्ही कपाटातला जाडजूड 'थिसॉरस' काढला. हा ग्रंथ रचणारे पीटर मार्क रोझे स्वतः डॉक्टर होते, हे आम्ही दरवर्षी वर्गात सांगत असू आणि पुढे जात असू; त्या रात्री प्रथमच त्या माहितीचा काही उपयोग असावा असे वाटले. रोझे यांचा जन्म १७७९ चा, ग्रंथ १८५२ चा. म्हणजे वयाच्या ७३ व्या वर्षी त्यांनी हा संसार मांडला. वर्णानुक्रम सोडून देऊन त्यांनी शब्दांना अर्थाच्या नात्याने एक हजार घरांत बसविले. प्राणिशास्त्राचा अभ्यासक प्राण्यांचे गण आणि कुळे पाडतो, तसे. ध्वनीची घरे त्यात ओळीने येतात: मोठा आवाज, क्षीण आवाज, 'स्नॅप' म्हणजे तडकन होणारा, 'रोल' म्हणजे लांबत जाणारा, मग 'रेझोनन्स' म्हणजे घुमणारा. 'मर्मर' राहतो क्षीण आवाजांच्या घरात, कुजबुजीच्या शेजारी. 'रंबल' राहतो 'रोल'च्या घरात, ढोल-ताशे आणि घंटानादाच्या सहवासात. खर्जातले स्वर, ज्यांना इंग्रजीत 'बेस' म्हणतात, ते तिसऱ्याच घरी. आमच्या विद्यार्थ्याने ही दोन घरे एका ओळीत एकत्र आणली होती आणि आम्ही त्यांतले सोयीचे तेवढे उचलले होते.

'रोल'च्या त्या घरात 'रंबल'पासून काही अंतरावर 'टोल' हा शब्दही बसला आहे. 'टोल' म्हणजे चर्चची घंटा संथ, एकसुरी, ठोक्यामागे ठोका देत वाजणे. बहुधा कोणी गेल्याची ती वार्ता असते. 'नेल' हा तिचा अधिक काळा भाऊबंद. गंमत अशी, की १७३९ मध्ये चिमाजी आप्पांनी वसई घेतल्यावर पोर्तुगीज चर्चमधल्या काही घंटा देशावर आल्या आणि देवळांत टांगल्या गेल्या; नाशिकच्या नारोशंकराच्या देवळात, वाईजवळ मेणवलीला त्या आजही पाहता येतात. धातू तोच, लोलक तोच, खर्जही तोच. पण मेणवलीत ती घंटा 'टोल' होत नाही. तिथे कोणी गेल्याचे कोणाला कळविण्याचा रिवाज नाही. तिथे ती घणघणते, आणि घणघणाटात मृत्यूचा वासही नाही. आवाज कानाला जसा येतो तसा शब्द होतो, ही समजूत किती अर्धी आहे हे आम्हांस घंटेपाशी पटते.

तरीही कानाचा वाटा असतोच. इंग्रजीतले हे खालचे शब्द ओळीने उच्चारून पाहावेत: 'बूम', 'हम', 'ड्रोन', 'मोन', 'रंबल', 'ग्रंबल', 'मंबल', 'थड', 'थंप'. ओठ मिटतात, आवाज नाकात जातो, स्वर जिभेच्या मागच्या किंवा मधल्या अंगाला राहतात. 'बूम' आणि 'हम' यांचा शेवट लांबविता येतो, हवा असेपर्यंत. 'थड' आणि 'थंप' लांबविता येत नाहीत. ओझे जमिनीवर पडले आणि संपले. 'रंबल', 'ग्रंबल', 'मंबल' यांच्या शेपटीला जो 'ल' आहे तो जुन्या इंग्रजीतून आलेला, क्रिया पुनःपुन्हा होते असे सांगणारा. आपण हे काम शब्द दुहेरी करून करतो. घरघर, गडगड, धडधड, गुरगुर. एकदाच झाले तर 'कन' लावून टाकतो: धाडकन, धपकन. व्याकरणाच्या दृष्टीने मराठीची ही सोय इंग्रजीपेक्षा मोकळी आहे. हवे तेव्हा नवा शब्द पाडावा, ऐकणाऱ्याने तो तत्काळ समजून घ्यावा. मोल्सवर्थने १८३१ मध्ये, आणि मग वाढवून १८५७ मध्ये, आपला मराठी-इंग्रजी कोश छापला. त्यात अशा शब्दांपाशी त्याची कशी तारांबळ उडते ते पाहण्यासारखे आहे. एका घड्याळी ठोक्याएवढ्या शब्दासाठी तो बिचारा अमुक वस्तू तमुक वस्तूवर आपटल्याच्या आवाजाचे अनुकरण, अशी ओळच्या ओळ लिहितो. त्याला प्रतिशब्द सापडत नव्हते, पण त्याने खोटी खूण केली नाही.

उलट दिशेने पाहिले तर अडचण आपली होते. इंग्रजीत ढग 'रंबल' होतात, जुनी गाडी होते, ज्वालामुखी होतो आणि भुकेले पोटही होते. आपण ढगांना गडगडायला लावतो, आगगाडीला धडधडायला, पोटाला गुरगुरायला. घरघर उरते ती जात्याला आणि मरणाऱ्याच्या घशाला. इंग्रजी शब्द आवाजाची जात सांगतो, मराठी शब्द तो आवाज कोणाचा ते सांगतो. म्हणून 'रंबल'चे भाषांतर करताना आधी विचारावे लागते: कोण? आणि त्या बाकावर या प्रश्नाचे उत्तर 'आई' असे होते.

'मर्मर' हा शब्द तर दिसतो तितका गरीब नाही. लॅटिनमध्ये 'मुर्मुर' हा समुद्राचा आणि वादळाचाही आवाज होता. व्हर्जिलच्या महाकाव्यात खवळलेल्या सागराला तोच शब्द लागतो. ग्रीकमध्येही पाण्याच्या खळाळाला त्याचा भाऊ आहे. संस्कृतातला 'मर्मर' मात्र सुकलेल्या पानांचा, नव्या वस्त्राचा. इंग्रजीत येईपर्यंत लॅटिन शब्दाची गर्जना गळून पडली, ओढ्याची नि प्रेमिकांची कुजबूज शिल्लक राहिली, आणि कुरकुर करणाऱ्या प्रजेची. डॉक्टरांनी तो उचलला तेव्हा त्यांना हृदयातला कोणताही जादा आवाज हवा होता, मग तो लहान असो की मोठा. त्यामुळे हृदयाचा 'मर्मर' कधीकधी शिट्टीसारखा असतो, कधी फुंकरीसारखा. आम्ही कुजबूज म्हणालो ते शब्दकोशाप्रमाणे बरोबर आणि केसपेपरप्रमाणे चूक होते.

इंग्रजीच्या खालच्या आवाजांत सगळ्यांत थोर शब्द 'थंडर'. जुन्या इंग्रजीत त्यात 'ड' नव्हता. न आणि र यांच्यामध्ये जीभ घसरली आणि 'ड' येऊन बसला. आपल्याकडे वानराचे वांदर झाले ते असेच. त्याच शब्दात गडगडाटाचा देव थोर दडलेला आहे, म्हणून 'थर्सडे'तही तो आहे. आणि भाषाशास्त्रज्ञ सांगतात, की 'थंडर'चे मूळ आणि संस्कृत 'स्तनयित्नु'चे मूळ एकच. हा स्तनयित्नु म्हणजे मेघगर्जना. बृहदारण्यकोपनिषदात हीच गर्जना एकाच अक्षराने बोलते आणि देव, मनुष्य व असुर त्या एका अक्षराचे तीन अर्थ लावतात: दमन, दान, दया. टी. एस. एलियटने हार्वर्डला संस्कृत शिकून घेतले होते. १९२२ च्या 'द वेस्ट लँड'चा शेवटचा भाग त्याने या गर्जनेलाच बहाल केला आणि क्रम मात्र आपल्या मनाने बदलला. त्याच्याकडे दान पहिले येते, दमन शेवटी. आम्ही हा भाग वर्षानुवर्षे शिकविला, तो उपनिषदाचा पाश्चात्त्य कवीवरील प्रभाव या मथळ्याखाली, दहा गुणांसाठी. एक खालचा, अस्पष्ट आवाज, ऐकणारे तिघे, आणि प्रत्येकाला आपल्या प्रकृतीप्रमाणे ऐकू आलेला वेगळा शब्द. बाकावर आम्ही तिघांपैकी कोण होतो, हे आम्ही स्वतःला विचारले नव्हते.

आता 'लो' आणि 'डीप'. या दोघांना परीक्षेत समानार्थी मानून आम्ही जे गुण वाटले ते परत घेता आले असते तर बरे झाले असते. 'डीप' आवाज खालच्या स्वराचा असतो, मोठाही असू शकतो. 'लो' आवाज खालच्या स्वराचा असेल किंवा नुसता हळू. 'किंग लिअर'च्या अखेरीस राजा कॉर्डेलियाचे प्रेत घेऊन येतो आणि तिच्या आवाजाची आठवण काढताना 'लो' हा शब्द वापरतो; तिथे मराठी भाषांतरकर्त्याने काय करावे? हळू म्हटले तर स्वर जातो, खालचा म्हटले तर मार्दव जाते. आपल्याकडे बोलीत आवाजाला उंची नसतेच मुळी. त्याला जाडी असते. मुलाचा आवाज बारीक, बाप्याचा जाड. फार्सी आणि तुर्की बोलणारेही स्वराला असेच जाड-बारीक म्हणतात. उंच-खाली हा हिशेब आपण संगीतात आणि शाळेत शिकतो.

संगीतशास्त्राने मात्र तिसराच हिशेब मांडला आहे. शार्ङ्गदेवाने तेराव्या शतकात देवगिरीला, यादव सिंघणाच्या आश्रयाला राहून 'संगीतरत्नाकर' लिहिला. त्यात नादाची तीन स्थाने सांगितली आहेत: तार मस्तकात, मध्य कंठात, आणि मंद्र हृदयात. हे आम्ही पूर्वी वाचले होते आणि सुंदर कल्पना म्हणून बाजूला ठेवले होते.

इंग्रजीत खालच्या स्वराला आणखी एक शब्द आहे, 'ग्रेव्ह'. त्याचे लॅटिन मूळ जड या अर्थाचे; आपला 'गुरु' त्याचा सख्खा नातलग. जड वस्तू, मग जड स्वर, मग जड प्रकृती. आपला 'गंभीर' निघाला पाण्यातून: खोल डोह, मग खोल नाद, मग छापील बातमीतली रुग्णाची स्थिती. दोन भाषांतले दोन शब्द, एक वजनाकडून निघालेला आणि एक खोलीकडून, आवाजाच्या वाटेने चालत चालत दवाखान्याच्या एकाच दारात येऊन उभे राहतात. या योगायोगाने त्या रात्री आम्हांस आनंद होण्याऐवजी झोप लागली नाही.

'बूम'विषयी थोडे सांगून पुढे जाऊ. इंग्लंडच्या पाणथळ वेताच्या रानात 'बिटर्न' नावाचा बगळ्याच्या जातीचा लाजरा पक्षी राहतो. तो दिसत नाही; विणीच्या काळात नराचा 'बूम' मैल-दोन मैल ऐकू येतो. त्यामुळे पक्षी मोजायचे म्हणजे आवाजच मोजायचे. १९९७ मध्ये ब्रिटनमध्ये असे अकराच नर उरले होते. पुढे पाणथळ जागा राखल्यावर ही संख्या दोनशेच्या वर गेली. एका शब्दाने खानेसुमारी चालावी असे इंग्रजीत दुसरे उदाहरण आमच्या पाहण्यात नाही.

'ड्रोन'विषयी मात्र आमची तक्रार आहे. मूळ शब्द नर मधमाशीचा. तिचा गुंजारव म्हणून एकसुरी आवाजाला तो लागला, आणि ती पोळ्यात काम करीत नाही म्हणून आळशी माणसालाही लागला. पुढे १९३५ च्या सुमारास ब्रिटिशांनी तोफांच्या सरावासाठी रेडिओने चालणारे 'क्वीन बी' नावाचे विमान केले, अमेरिकी नौदलाने त्याच धर्तीवर आपल्या विमानांना 'ड्रोन' म्हटले, आणि आता आमच्या गावी द्राक्षबागेवर औषध फवारणारे यंत्रही त्याच नावाने ओळखले जाते. त्याला आमची ना नाही. पण इंग्रजीत संगीतावर लिहिणारे तंबोऱ्यालाही 'ड्रोन' म्हणतात. मिरजेच्या तंबोऱ्याला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले, त्या बातम्यांच्या इंग्रजी मजकुरातही हाच शब्द आम्ही वाचला. ज्याने घोडीवर तारेखाली सुताचा धागा सरकवून जवारी लावताना एखाद्या कारागिराला पाहिले आहे, त्याने हा शब्द लिहून दाखवावा. खर्जाची तार छेडली, की तिच्यातून वरचे स्वर एकेक करून उमलत जातात. त्या आवाजाला एकसुरी आणि आळशी या दोन्ही अर्थांच्या शब्दाने हाक मारणे हे शब्दकोशाला मान्य असेल. असो. रागाच्या भरात विषय सुटू नये.

पंधरा दिवसांनी आम्ही आईला घेऊन पुन्हा गेलो. दरम्यान तिची 'टू-डी एको' तपासणी झाली होती. बालपणीच्या तापाने डाव्या बाजूची झडप हळूहळू जाड आणि अरुंद झाली होती. अरुंद दारातून रक्त जाताना जो आवाज होतो तोच कागदावरचा. आम्ही डॉक्टरांना विचारले, आम्हांस ऐकता येईल का? ते हसले. "सर, तुम्ही शब्द विचारायचात, आता आवाज विचारताय," असे म्हणून त्यांनी आईला डाव्या कुशीवर वळायला सांगितले आणि स्टेथोस्कोपची घंटेच्या आकाराची लहान बाजू तिच्या छातीवर ठेवली. ठेवली म्हणजे टेकवली. खालचे आवाज ऐकायला हीच बाजू लागते, आणि तीही हलक्या हाताने; जोर दिला तर खालची कातडी ताणून पडद्यासारखी होते आणि खालचा आवाज नेमका नाहीसा होतो, असे त्यांनी सांगितले.

प्रथम आम्हांस धडधडीखेरीज काही ऐकू आले नाही. डॉक्टर म्हणाले, "दोन ठोके सोडून द्या, मधल्या रिकाम्या जागेत ऐका. आधी एक बारीक 'स्नॅप' येईल, मग ते." रोझे यांच्या ग्रंथातली ती दोन शेजारची घरे! बराच वेळ गेला. मग ते आले. आवाज म्हणावा इतके ते मोठे नव्हते, पलीकडच्या घरात पहाटे काही चालू असावे आणि ते भिंतीतून, अंथरुणातून पाठीला कळावे, तसे. आम्ही ओळखले. पण बोललो नाही.

"मलाही ऐकू दे," आई म्हणाली. आम्ही डॉक्टरांकडे पाहिले. त्यांनी नळ्या काढून तिच्या कानांत घातल्या आणि घंटा तशीच टेकवून धरली. आई डोळे मिटून ऐकत राहिली. लग्न होऊन आल्यापासून गावात पिठाची गिरणी येईपर्यंत, पंधरा-सोळा वर्षे, तिने पहाटे दळण दळले होते.

"अरे, ही तर जात्याची घरघर," ती म्हणाली. "आणि तू कुजबूज काय सांगत होतास?"

आम्ही काय सांगणार? डॉक्टर मध्ये पडले. "आजी, हेच मी लिहिलंय. सरांनी नीट वाचलं नसेल."

त्याच वर्षी दिवाळीनंतर मांडीच्या शिरेतून नळी घालून, फुगा फुगवून झडप रुंद करण्यात आली. महिन्याभराने डॉक्टरांनी पुन्हा तिला डाव्या कुशीवर वळविले आणि पुष्कळ वेळ ऐकले. आईने विचारले, "थांबलं का जातं?"

"थांबलं नाही आजी. हलकं झालंय."

"मग चांगलंय. दाणे आहेत त्यात अजून. रिकामं जातं कर्कश वाजतं."

डॉक्टरांनी केसपेपरवर लिहिले ते तेच जुने शब्द होते, मागे 'सॉफ्ट' एवढे विशेषण जोडलेले. बाहेर त्याच बाकावर बसून आई पायांत चपला सरकवीत होती. कागद आमच्या हातात होता. "काय लिहिलंय रे?" तिने विचारले.

"घरघर," आम्ही म्हणालो. "हलकी."